सात ते साडेआठ

दारू सोडायचं मनाशी पक्कं केलेल्या माणसाचा दिवस बहुतेक वेळा बरा जातो. सकाळची गर्दीची लोकल, मग काम, डबा, पुन्हा काम. कस लागतो तो संध्याकाळी. कळव्याला धीमी गाडी थांबते, सात-सव्वासातला माणूस उतरतो, पूल ओलांडून बाहेर येतो आणि घरापर्यंतची पुढची दहा-पंधरा मिनिटं तो एकटा असतो. त्या वाटेवर देशी दारूचा बार असतो, वाइन शॉप असतं, परमिट रूम असते, आणि "काय शेठ, आज इकडे नाही?" म्हणणारा रोजचा सोबती असतो. सकाळी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ त्या पंधरा मिनिटांत मोडते. घेणारा खोटा होता म्हणून ती मोडत नाही. त्या वेळेला जायला त्याच्याकडे दुसरी जागा नसते, म्हणून मोडते.

कळव्यात, खारेगावात, विटाव्यात, पारसिकच्या डोंगरालगतच्या वस्त्यांत राहणाऱ्या ज्या कोणाला दारू थांबवायची आहे त्याला, तिला आणि त्यांच्या घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ती दुसरी जागा शोधा. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं जिथे एकत्र बसतात ती मिटिंग शोधा. शोधताना 'सगळ्यात चांगली मिटिंग कुठली' असं विचारू नका. तुमची प्यायची जी वेळ, नेमकी त्या वेळेला भरणारी आणि तुम्हाला पुन्हा पुन्हा जाता येईल अशी मिटिंग कुठली, ते विचारा.

या मिटिंगांचा उगम अशाच एका अवघड वेळेत आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला बिल विल्सन नावाचा माणूस कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन शहरात गेला होता. पाच महिने तो दारूला शिवला नव्हता. हातातला व्यवहार फिसकटला, शहर परकं, सोबतीला कोणी नाही आणि हॉटेलातच बार. तो बारमध्ये न जाता टेलिफोनकडे गेला. तिथल्या चर्चची यादी घेऊन फोन लावत राहिला आणि दारूने आपल्यासारखाच हैराण झालेला कोणी बोलायला भेटेल का, असं विचारत राहिला. त्यातून त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या सर्जनशी पडली. दारू शरीराचं काय करते हे त्या डॉक्टरला कोणी शिकवायची गरज नव्हती, तरी त्या माहितीने त्याची दारू सुटली नव्हती. सुटली ती त्याच वाटेने गेलेल्या माणसाशी बोलून. डॉ. स्मिथने शेवटचा घोट घेतला तो दिवस १० जून १९३५, आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापना दिवस मानतात. आपल्या देशात एएचं काम १९५७ साली सुरू झालं. त्याचं देशाचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, म्हणजे आपल्यापासून लोकलच्या अंतरावर.

'नुसतं बसून बोलल्याने काय होणार' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. माणसाला पद्धतशीरपणे एएच्या मिटिंगांशी जोडून देणारे उपचार हे संपूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांच्या बरोबरीचे आणि बरेचदा सरस ठरले. ही खात्रीची हमी नव्हे. पण जिथे पैसे पडत नाहीत अशा गोष्टीसाठी हा पुरावा मोठा आहे.

मिटिंगच्या आधी मात्र एक गोष्ट, आणि ती जिवाशी संबंधित आहे. जो माणूस वर्षानुवर्षं रोज पितो, सकाळी उठल्यावर ज्याचे हात कापतात, जो 'एक क्वार्टर पोटात गेल्यावरच बरं वाटतं' म्हणतो, त्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच थरथर, घाम, उलट्या, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, ताप चढतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यूही येतो. घरातल्यांना वाटतं बाहेरचं काही झालं, आणि ते अंगारा लावत बसतात. त्या वेळी वाट बघू नका, थेट रुग्णालयात न्या. कळव्यात महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, त्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. खाडीपलीकडे ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मनोरुग्णालयाच्या नावाने दचकू नका. दारूचं व्यसन हा उपचार करण्याजोगा आजार आहे आणि तिथले डॉक्टर तो रोज बघतात. काही दिवसांची औषधं, बी-१ जीवनसत्त्व, झोप आणि देखरेख एवढ्याने हा टप्पा सुरक्षित पार पडतो. त्यानंतर मिटिंगमध्ये बसलेल्या माणसाच्या कानावर निदान काही पडतं तरी.

श्रावणाबद्दलही याच ओघात बोलायला हवं. गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. 'महिनाभर थेंब घेत नाही, म्हणजे माझ्या हातात आहे' हा त्यांचा भरवसा. महिनाभर थांबता येतं ही चांगलीच गोष्ट आहे. पण श्रावण संपायचे दिवस तुम्ही मोजत असाल, तर दारू अजून तुमच्याकडून स्वतःची वेळ पाळून घेते आहे. माळ घातल्याने अनेकांची दारू कायमची सुटली, हे मी आदराने मान्य करतो. त्यामागे माळेइतकीच वारीची, भजनाची, सोबतीची ताकद होती. अशी सोबत ज्याला आधीच मिळालेली आहे त्याने ती सोडू नये. ज्याला ती मिळाली नाही त्याच्यासाठी मिटिंग आहे, आणि दोन्ही एकत्र करायलाही कोणाची आडकाठी नाही.

आता शोधायचं कसं. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर मिटिंगांची माहिती आणि मदतीचा फोन क्रमांक मिळतो. फोन उचलणारा माणूस बहुधा स्वतः दारू सोडलेला असतो, त्यामुळे तुमचा आवाज अडखळला तरी त्याला नवल वाटत नाही. त्याला सरळ सांगा: कळव्याला राहतो, संध्याकाळी सातनंतर मोकळा असतो, मराठीत बोलतात अशी मिटिंग जवळपास कुठे आहे. वार, वेळ, पत्ता विचारून घ्याच, शिवाय आत जायचं दार कुठल्या बाजूला हेही विचारा. या मिटिंगा पालिकेच्या शाळेच्या वर्गात, चर्चच्या आवारात, कुठल्याशा संस्थेच्या खोलीत भरतात आणि बाहेर मोठा फलक नसतो. दोनदा फेऱ्या मारून जागा सापडली नाही की पाय आपोआप दुसरीकडे वळतात. जमलं तर तिथल्या कोणाला तरी स्टेशनबाहेर घ्यायला येण्याची विनंती करा. संकोच नको, अशी मदत करणं त्यांच्या स्वतःच्या दारूमुक्तीसाठीही गरजेचं असतं.

केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत क्रमांक १४४४६ आहे. मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ लावा, तोही मोफत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे समुपदेशन मिळतं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची ओळख मराठी वाचकाला करून द्यायला नको. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने १९८६ मध्ये ते उभं केलं. तिथे राहून आलेल्यांनी पाठपुराव्याच्या बैठका कधीच चुकवू नयेत. केंद्रात महिनाभर चार भिंतींच्या आत राहणं सोपं असतं. अवघड दिवस कळव्याला परत आल्यावर सुरू होतात. वसईला कृपा फाउंडेशनचं केंद्र आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ साली ते काम वांद्र्याला सुरू केलं आणि एएच्या दारूमुक्तीच्या बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली.

मिटिंग जवळची निवडावी की लांबची, याबद्दल दोन मतं आहेत आणि मला दोन्ही पटतात. कळवा तसं लहानच. नाक्यावर एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत चाळीला कळतं. ज्या घरात दारूचं नाव काढणंसुद्धा पाप समजतात तिथल्या माणसाला, किंवा कुठल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना, शेजारच्या गल्लीतली मिटिंग नकोशी वाटणं स्वाभाविक आहे. त्यांनी गाडीने ठाण्याला, मुलुंडला, डोंबिवलीला जावं. आपण या मार्गावर राहतो याचा हा फायदा आहे, पुढच्या-मागच्या स्टेशनांवर निवडीला वाव आहे. पण लांबच्या मिटिंगला एक खोट आहे. पहिल्या आठवड्यातला उत्साह ओसरला, पाऊस लागला, गाड्या उशिराने धावायला लागल्या, की लांबची मिटिंग सुटते. म्हणून माझा सल्ला असा की सुरुवात लांब करायची असेल तर खुशाल करा. मात्र भीड चेपली की एखादी अशीही धरा, जी कामावरून परतण्याच्या वाटेवर असेल. ठाण्याला उतरून मिटिंग करून मग कळव्याची गाडी पकडली, तर पिण्याचा तास तिथेच संपलेला असतो. साडेआठ-नऊला भूक लागलेली असते आणि माणूस सरळ घरी जातो. रात्रपाळी करणाऱ्यांचं गणित अर्थातच वेगळं. पाळी सुटल्यावर सकाळी पिणारे जे आहेत त्यांनी सकाळची मिटिंग शोधावी. मुंबईत ती न मिळाली तर फोनवर किंवा संगणकावर भरणारी शोधावी. लॉकडाऊनपासून अशा मिटिंगा रुळल्या आहेत.

भाषेला कमी लेखू नका. साहेबासमोर, डॉक्टरसमोर माणूस हिंदी-इंग्रजीत वेळ मारून नेतो. बायकोला पहिल्यांदा मारलं त्या रात्रीबद्दल तो ज्या भाषेत बोलू शकेल, त्या भाषेतली मिटिंग त्याला हवी.

आत गेल्यावर काय होतं, याची धास्ती अनेकांना दारातूनच परत पाठवते. म्हणून ते सांगून ठेवतो. तास-दीड तासाचा मामला असतो. कोणी नाव-पत्ता लिहून घेत नाही. आडनाव सांगावं लागत नाही. जात, धर्म, पगार, पक्ष कोणी विचारत नाही. फी नाही. शेवटी पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल ते तो टाकतो, आणि नव्या माणसाने काही टाकायची गरज नसते. एकेक जण आपली गोष्ट सांगतो, याला तिथे शेअरिंग म्हणतात. कोणी मध्ये बोलत नाही, कोणी उपदेश करत नाही. तुमची पाळी आली आणि बोलता आलं नाही, तर 'आज फक्त ऐकतो' एवढं म्हणा, पुरे. सभासद व्हायला एकच गोष्ट लागते, दारू थांबवण्याची इच्छा. ओपन मिटिंगला घरचे, मित्र, कोणीही बसू शकतात. क्लोज मिटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांची असते. बायको सोबत येणार असेल तर ही चौकशी आधी करा, नाहीतर तिला बाहेर ताटकळावं लागतं.

आणि पहिल्या मिटिंगवरून निकाल देऊ नका. माणसं माणसांसारखी असतात. एखाद्या गटात सगळे साठीचे असतील आणि तुम्ही सत्तावीस वर्षांचे. एखाद्या ठिकाणी एकच जण अर्धा तास बोलत राहील. तुम्ही कारखान्यात काम करणारे आणि बाकी सगळे बँकेतले. मग दुसरी पाहा, तिसरी पाहा. निदान चार-पाच वेगवेगळ्या मिटिंगांना जाईपर्यंत 'हे आपल्यासाठी नाही' असं म्हणायचा हक्क राखून ठेवा. तिथे एखादा माणूस असा भेटेल की ज्याचं बोलणं ऐकताना वाटेल, हा माझीच गोष्ट सांगतोय. त्याचा नंबर घ्या. एएमध्ये अशा जुन्या, मार्ग दाखवणाऱ्या माणसाला स्पॉन्सर म्हणतात. लग्नाच्या हळदीला, विशेषतः आपल्याकडच्या आगरी-कोळी हळदीच्या रात्री, जेव्हा नाही म्हणणं सोयऱ्यांना अपमान वाटतो, तेव्हा बाहेर येऊन ज्याला फोन करता येईल असा एक माणूस हवाच.

देव न मानणाऱ्यांना एएतल्या परमेश्वराच्या उल्लेखांनी बुजायला होतं. बारा पायऱ्यांमध्ये तो उल्लेख आहे हे खरं, पण ज्याला जसा समजेल तसा, अशी मुभाही त्यातच आहे. कित्येक जण गटालाच ती शक्ती मानतात. पंचशील पाळणाऱ्यांना तर मादक पदार्थांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा परकी नाहीच. हे काहीच पटलं नाही तर समुपदेशकाच्या गटात जा, मुक्तांगणच्या पद्धतीच्या गटात जा. गट कुठलाही असो, एकटे राहू नका.

काही ठिकाणांपासून मात्र दूर राहा. 'एवढ्या दिवसांत शंभर टक्के' अशी हमी देणारा, आगाऊ मोठी रक्कम मागणारा, डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगणारा, तुमचं तिथलं बोलणं बाहेर नेणारा गट तुमचा नाही. लोकलच्या डब्यात 'न सांगता दारू सोडवा' अशी पत्रकं चिकटवलेली असतात. त्या पुड्या आमटीत, चहात मिसळू नका. दारू घेतल्यास तीव्र त्रास घडवणारं डायसल्फिरॅमसारखं औषध डॉक्टर देतात ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. नकळत दिलं आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. रात्री गाडी पाठवून माणसाला बांधून उचलून नेणाऱ्या केंद्रांना तर दारातही उभं करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली दारूच्या व्यसनातून आलेले आजारही येतात, आणि अशा रुग्णाला मारहाणीपासून संरक्षणाचा, सन्मानाने उपचार मिळण्याचा हक्क आहे.

बायकांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. पिणाऱ्या बायका आपल्यातही आहेत. त्यांची दारू घराच्या आत, दार लावून चालते, म्हणून दिसत नाही, आणि मदत मागितली तर पुरुषाच्या दसपट बोल लागतात. ताई, तुम्ही फोन कराल तेव्हा मला बाईशीच बोलायचंय असं बिनदिक्कत सांगा. बायकांची वेगळी मिटिंग आहे का विचारा, नसेल तर संगणकावरच्या मिटिंगपासून सुरुवात करा. मिश्र मिटिंगमध्ये नंबर घ्यायचा तो बाईचाच, स्पॉन्सरही बाईच. मदतीच्या नावाखाली कोणी पुरुष लगट करत असेल तर तिथल्या जुन्या सभासद बाईला सांगा आणि मिटिंग बदला. दारू सोडण्याचा विचार मात्र बदलू नका.

आणि ज्या पीत नाहीत, पण पिणाऱ्याच्या घरात राहतात, त्यांच्यासाठी अल-अनॉन आहे. बिल विल्सनची बायको लोइस हिने १९५१ साली ते उभं केलं, कारण नवरा सुधारला तरी आपली झोप, आपला संताप, आपली भीती तशीच आहे हे तिच्या लक्षात आलं होतं. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठीचा सहचरी गट याच कामाचा आहे. वहिनी, तो मिटिंगला जायला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता. साहेबांना खोटा फोन करून सुट्टी मागणं, उधारी फेडणं, शेजाऱ्यांसमोर सावरून घेणं, हे किती काळ करायचं याचं उत्तर तिथे बसलेल्या बायकांकडे असतं. घरात मारहाण होत असेल तर मात्र मिटिंगची वाट बघू नका, ११२ ला फोन करा.

मध्येच पाय घसरला, तिकडच्या भाषेत स्लिप झाली, तर दुसऱ्या दिवशी त्याच मिटिंगला जा आणि सांगा. तिथे कोणी हसत नाही, कारण अनेकांच्या बाबतीत ते घडलेलं असतं. पुष्कळ माणसं हातची जातात ती स्लिपमुळे नव्हे, स्लिपनंतरच्या लाजेमुळे. मुळात मदतीपर्यंत पोचणारेच थोडे. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठले तरी उपचार मिळाले होते. बाकीचे सदतीस आपल्याच इमारतींत, आपल्याच डब्यात आहेत.

म्हणून शेवटची विनंती कळव्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांना, गणेशोत्सव मंडळांना, बुद्ध विहारांना, चर्चना, शाळा चालवणाऱ्यांना. एएच्या रीतीप्रमाणे दोन-तीन जण दारूमुक्तीसाठी एकत्र बसले की गट होऊ शकतो. माणसं मिळतात, अडतं ते जागेपाशी. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी, सात ते साडेआठ, एक खोली द्या. पंखा, पंधरा-वीस खुर्च्या, प्यायचं पाणी, जवळ स्वच्छतागृह. शक्यतो तळमजल्यावर आणि स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. गट आपला खर्च आपण भागवतो, त्यामुळे भाडं घ्या, वाजवी घ्या. उद्घाटन नको, फलकावर नगरसेवकाचा फोटो नको, आत येणाऱ्यांची नावं लिहायला दारावर वही नको. कॅमेरा असेल तर त्या दीड तासापुरता बंद ठेवा. आणि वॉचमनला एवढंच सांगून ठेवा की कोणी 'मिटिंग कुठे आहे' असं विचारलं, तर दुसरं काही न विचारता दार दाखवायचं.